‘शंभर टक्के ओरिजिनल’ ओमेगा: लातूरच्या एका ऑनलाइन खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

खरेदीदार लातूरच्या मार्केट यार्डात आडत चालवतात. वडिलांची एकसष्टी जवळ आली होती आणि त्यांना वडिलांच्या जन्मसालचं, म्हणजे १९६५ चं, स्विस घड्याळ भेट द्यायचं होतं. वडिलांनी उभी नोकरी एका एचएमटीवर काढली. साहेबांच्या हातातलं ओमेगा त्यांना फार आवडायचं, हे घरात सगळ्यांना माहीत. बजेट दीड लाखापर्यंत होतं.

दोन-तीन महिने रोज रात्री मोबाइलवर शोधाशोध झाल्यावर एक जाहिरात सापडली: ‘ओमेगा कॉन्स्टेलेशन, ऑटोमॅटिक, १९६५, शंभर टक्के ओरिजिनल, मिंट कंडिशन’. किंमत १,४५,००० रुपये. फोटो सहा, सगळे समोरून काढलेले. पांढरंशुभ्र डायल, एक डाग नाही. विकणाऱ्याचं दुकान नव्हतं, दुसऱ्या शहरातली खासगी व्यक्ती होती.

पुढचं समजायला दोन नावांमधला फरक माहीत हवा. सीमास्टर ही ओमेगाची १९४८ पासूनची मजबूत, रोजच्या वापराची मालिका. कॉन्स्टेलेशन १९५२ ला आली, ती मानाची. साठच्या दशकातलं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरलं जाणारं, कॉन्स्टेलेशन हे क्रोनोमीटर असतं, म्हणजे त्याच्या मशीनची अचूकता अधिकृतपणे तपासून प्रमाणित केलेली असते. दोन्ही मालिकांतली मशीनं मात्र त्या काळात एकाच घराण्यातली होती आणि बाहेरून आकारही जवळपास सारखा. त्यामुळे सीमास्टरला कॉन्स्टेलेशनचा साज चढवणं अवघड नाही. स्टीलच्या घड्याळांत दोघांच्या भावात दुपटी-तिपटीचं अंतर असतं, हे या प्रकाराचं मूळ.

अडचण

विकणाऱ्याने सांगितलं की दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, घड्याळ ठेवायचं तर आजच टोकन टाका. खरेदीदारांनी ५,००० रुपये यूपीआयने पाठवले. मागचं झाकण उघडलेला एकही फोटो तोवर त्यांनी पाहिला नव्हता.

हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो चुकला. सोयाबीनच्या पोत्याच्या पोटातून नमुना काढून ओलावा पाहिल्याशिवाय हेच गृहस्थ भाव बोलत नाहीत. वरचे दाणे चांगले दिसतात म्हणून ते कधीच फसले नसते. इथे त्यांनी डायलचे वरचे दाणे पाहून पैसे टाकले. एक गोष्ट मात्र चांगली केली. पैसे पाठवण्याआधी त्यांनी चॅटवर विकणाऱ्याकडून लिहून घेतलं: ‘डायल, मशीन, केस मूळ कॉन्स्टेलेशनचे. फरक निघाला तर टोकन परत.’ पुढे हीच ओळ कामी आली.

तपासणीत काय दिसलं

दुसऱ्या दिवशी ते गंजगोलाईजवळच्या एका जुन्या घड्याळजींकडे मोबाइल घेऊन गेले.

“चाचा, हे एक घ्यायलोय बाबांसाठी. जरा बघता का?”

चाचांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, सहाच्या आकड्याखाली नेला आणि तिथंच थांबले. “शेठ, डायल नवीन दिसायलंय. साठ वर्षांचं घड्याळ अन् डायलवर एक डाग नाही? आधी मागचं झाकण उघडून फोटो मागवा. पैसे दिले का?”

चाचांच्या सांगण्यावरून पाच गोष्टी मागवल्या: झाकण उघडून मशीनचा जवळून फोटो, झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो, दिवसाच्या उजेडात तिरका धरून काढलेला डायलचा फोटो, पट्टा अडकतो त्या शिंगांचा बाजूने फोटो, आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून तारीख बदलतानाचा व्हिडिओ. वर्तमानपत्र एवढ्यासाठी की घड्याळ खरंच त्या माणसाच्या हातात आहे हे कळावं. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून टोकन गोळा करणारे पुष्कळ असतात. तीनदा आठवण केल्यावर सगळं आलं.

झाकणाच्या आत १६६.०१० हा क्रमांक होता. ओमेगाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जी क्रमांकपद्धत आणली तिच्यात १६६ ने सुरू होणारं घड्याळ म्हणजे ऑटोमॅटिक, तारखेचं, पाण्यापासून संरक्षित, पण क्रोनोमीटर नसलेलं. तारखेचं क्रोनोमीटर १६८ ने सुरू होतं. कॉन्स्टेलेशनचं त्या काळातलं प्रसिद्ध तारखेचं मॉडेल १६८.००५. थोडक्यात, ही केस सीमास्टरची होती. बाहेरच्या बाजूला कॉन्स्टेलेशनच्या झाकणावर असते ती वेधशाळा आणि आठ तारे नव्हते. पॉलिश मारून मारून झाकण जवळपास सपाट झालं होतं, आणि तिरक्या उजेडात सीमास्टरच्या समुद्री घोड्याची पुसट रेघ दिसत होती.

मशीनवर ५६५ हा आकडा. कॉन्स्टेलेशनमध्ये त्या घराण्यातलं तारखेचं मशीन ५६१ किंवा ५६४ हवं, आणि त्यावर पाच स्थितींत व तापमानात जुळवल्याची इंग्रजी ओळ कोरलेली असते. इथे ती नव्हती. शिवाय ५६५ हे १९६६ च्या सुमारास आलं. व्हिडिओत विकणाऱ्याने चावी पूर्ण बाहेर ओढून सोडली की तारीख एकेक घर पुढे सरकत होती. ही सोय ५६४ आणि ५६५ मध्ये आहे. आधीच्या ५६१ आणि ५६२ मध्ये तारीख पुढे न्यायला काटे मध्यरात्रीपलीकडे फिरवावे लागतात. म्हणजे आकडा वाचता आला नसता तरी ‘१९६५’ हा दावा केवळ व्हिडिओवरून संशयात आला असता. मशीनचा अनुक्रमांक २४ ने सुरू होणारा आठ अंकी होता, तोही १९६५ नंतरचाच. या अनुक्रमांकांवरून साल अदमासे काढता येतं, एका वर्षाचा फरक पोटात धरून चालायचं.

डायलचा पुरावा सगळ्यांत बोलका होता. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा बारीक ओघळ, खिळ्यांनी बसवलेल्या तासांच्या काड्यांच्या मुळाशी रंग साचलेला, ‘कॉन्स्टेलेशन’ या अक्षरांची जाडी सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरी. मिनिटांच्या रेषा काड्यांच्या मध्यावर येत नव्हत्या. सहाच्या वरचा तारा किंचित कलला होता. मूळ छपाईत अक्षराची कड दहापट भिंगाखालीही धारदार राहते, हाताने केलेल्या कामात ती थरथरते.

अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांचंही तसंच. डायलवर आणि काट्यांवर ठिपके होते, पण सहाच्या खाली नुसतं ‘स्विस मेड’. १९६५ च्या आसपासच्या चमकणाऱ्या डायलवर त्याच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ अक्षर अपेक्षित असतं, ते ट्रिटियमची खूण, म्हणजे रंग चमकवणाऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाची. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे साठ वर्षांत त्याचा जोर साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतो. टॉर्च मारली तरी असं जुनं डायल क्षणभर उजळून विझतं. व्हिडिओतलं डायल दहा मिनिटांनंतरही हिरवंगार चमकत होतं. रंग ताजा होता. (याहून जुन्या घड्याळांत रेडियम असू शकतं. ते न चमकताही किरणोत्सर्गी राहतं. असं डायल घरी उघडून खरवडायचं नाही.)

रंगवलेलं डायल म्हणजे फसवणूकच, असं आम्ही म्हणत नाही. परदेशी घड्याळांचे सुटे भाग आपल्याकडे कायम दुर्मीळ. डायल खराब झालं की रंगवून देणं ही दुरुस्तीवाल्यांची साधी सेवा होती, आणि गिऱ्हाईकालाही ते नव्यासारखं हवं असायचं. सीमास्टरचं डायल सीमास्टर म्हणूनच रंगवलं आणि विकताना तसं सांगितलं, तर तो चोख व्यवहार आहे. इथे नावच बदललं होतं आणि वर ‘ओरिजिनल’ लिहिलं होतं.

किंमत कशी बसवली

मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. खरेदीदारांच्या मुलाने परदेशी विक्री-मंचांवर विकली गेलेली घड्याळं वेगळी गाळली आणि लिलावांचे निकाल पाहिले. विक्रीला ठेवलेल्यांच्या किमती त्याने सोडून दिल्या, कारण मागायला कुणी काहीही मागतं. त्याच्या वहीतले त्या महिन्याचे अंदाज असे: मूळ डायलचं १६८.००५ साधारण सव्वा ते दीड लाख, मूळ डायलचं १६६.०१० पन्नास ते पासष्ट हजार, रंगवलेल्या डायलचं १६६.०१० तीस ते चाळीस हजार. परदेशातून मागवलं तर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअर वेगळं, म्हणून तिकडचा भाव तसाच इकडे लावता येत नाही.

या तीन ओळींत पहिल्यांदा जुनं घड्याळ घेणाऱ्या माणसाला नवल वाटावं असं एक आहे. शेवटच्या दोन ओळींतली केस तीच, मशीन तेच, वेळ तितकीच बरोबर, तरी भावात वीस-पंचवीस हजारांचा फरक, आणि तो जवळजवळ सगळा डायलचा. काच, चावी, पट्टा, स्प्रिंग बदलता येतात. रंगवलेल्या डायलखालचं मूळ डायल परत आणता येत नाही. म्हणून पिवळसर पडलेलं, कडेला ठिपके आलेलं, पण हात न लागलेलं डायल नव्यासारख्या दिसणाऱ्या डायलपेक्षा महाग असतं. आपल्या घरांत चकचकीत वस्तूला मान, त्यामुळे हे पचायला वेळ लागतो. खरेदीदारांनाही लागला.

‘हे शंभर टक्के’ या शब्दांवर कुणी किती विसंबावं, याचं एक मोठं उदाहरण ओमेगाचंच आहे. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं स्पीडमास्टर (ओमेगाचीच आणखी एक मालिका) ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. घेतलं खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं.

समोरचे पर्याय

पहिला, टोकन सोडून द्यायचं. दुसरा, हेच घड्याळ रंगवलेलं सीमास्टर म्हणून त्या भावात मागायचं. तिसरा, मूळ डायलचं सीमास्टर शोधायचं. चौथा, थांबून, गरज पडली तर बजेट वाढवून खरं १६८.००५ घ्यायचं. घरात पाचवाही निघाला: बाबांचं एचएमटीच नीट करून द्यावं. तो सगळ्यांत स्वस्त होता, पण हौस ओमेगाची होती.

दुसरा पर्याय मोह पाडणारा होता. खरेदीदारांनी ३६,००० रुपये बोलूनही पाहिलं. विकणाऱ्याने नकार दिला. आमच्या मते तो नकार पथ्यावर पडला. ज्या डायलवर खोटं नाव आहे ते घड्याळ पुढच्या पिढीला खरं म्हणूनच जाईल. नातवाने ते कधी विकायला काढलं, तर तोच चुकीचा दावा करेल. शिवाय साल चुकतच होतं. चौथ्या पर्यायाला वेळ नव्हता, एकसष्टी सात आठवड्यांवर आली होती.

काय केलं

आधी टोकन. खरेदीदारांनी भांडण केलं नाही. झाकणाचा फोटो, मशीनचा फोटो आणि चॅटवरची ती ओळ, अशा तीन गोष्टी एकत्र पाठवल्या आणि लिहिलं: ‘आपण लिहिल्याप्रमाणे फरक निघाला आहे, टोकन परत करावे.’ नवव्या दिवशी ५,००० रुपये आले. न आले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायची तयारी होती. खासगी व्यक्तीकडून एखाददुसरी वस्तू घेतली तर ग्राहक कायद्याचा आधार लंगडा पडतो, कारण तो व्यापार करणाऱ्याला लागू होतो. म्हणूनच लेखी ओळ आधी हवी.

मग मूळ डायलच्या सीमास्टरचा शोध. पुण्यात एक १६६.०१० मिळालं, मागणी ६२,००० रुपये. डायल सायीच्या रंगाचं झालेलं, चारच्या जवळ मोहरीएवढे दोन डाग, सहाच्या खाली ‘टी स्विस मेड टी’. मुलगा पुण्यातच शिकतो, त्यामुळे कुरिअर टळलं. विकणाऱ्याला आधीच विचारून भेट एका घड्याळजींच्या दुकानात ठरवली, झाकण उघडण्याचे ३०० रुपये आपण द्यायचे असं ठरलं. चाचांनी मुलाला फोनवर क्रम सांगितला होता आणि त्याने तो हातावर लिहून नेला.

मशीन ५६२, अनुक्रमांक २२ ने सुरू होणारा, म्हणजे १९६५ च्या आसपास. तारीख चावी ओढून सरकली नाही, काटे फिरवूनच बदलली, जे ५६२ ला साजेसं. तांब्याच्या रंगाचा मुलामा सगळ्या भागांवर सारखा, गंज नाही. डायल आणि काट्यांवरचे ठिपके एकाच तपकिरी छटेचे. काटे बदललेले असते तर छटा वेगळी पडली असती. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेषांपर्यंत पोहोचत होतं. शिंगांच्या कडा शाबूत होत्या. फार पॉलिश झालेल्या केसची शिंगं वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल होतात, तसं नव्हतं.

दोन उणिवा निघाल्या. चावीवर ओमेगाचं चिन्ह नव्हतं, आणि काचेच्या बरोबर मध्यावर भिंगातून दिसणारं बारीक चिन्हही नव्हतं. म्हणजे दोन्ही बदललेले. टायमिंग मशीनवर, म्हणजे टिकटिक ऐकून वेग मोजणाऱ्या यंत्रावर, लिफ्ट अँगल (या घड्याळासाठीची ठरलेली सेटिंग) ४९ अंश लावून, घड्याळ दिवसाला ४२ सेकंद पुढे जात होतं आणि अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, २०५ अंश होतं. डायल वर ठेवून तंदुरुस्त मशीन २७० च्या पुढे जातं, म्हणजे तेल सुकलेलं. विकणाऱ्याचं ‘सर्व्हिस केलेलं आहे’ हे म्हणणं इथे गळालं. मुलाने आवाज न चढवता तिन्ही गोष्टींचा खर्च मांडला आणि सौदा ५१,००० रुपयांवर ठरला.

परिणाम

सर्व्हिस लातूरला चाचांकडे झाली. मशीन सुटं करून धुणं, तेल, नवी मुख्य स्प्रिंग, झाकणाची नवी रबर रिंग, मिळून ८,५०० रुपये. झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला अर्धगोल घासल्याच्या रेघा दिसल्या. रोटरचा, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनाचा, आस झिजल्यामुळे रोटर कलून झाकणाला लागत होता. या घराण्यातल्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं. आस बदलायला आणखी २,२०० रुपये गेले. १८ मिमीचा चामड्याचा पट्टा १,८०० रुपये. एकूण ६३,५०० रुपये. सर्व्हिसनंतर दिवसाला ६ सेकंद पुढे, अँप्लिट्यूड २८५.

चाचांनी डायलला हात लावला नाही. खरेदीदारांनी ते दोन डाग काढता येतात का विचारलं, तेव्हा चाचांनी आय-ग्लास त्यांच्याच डोळ्याला लावून दिला. भिंगाखाली अक्षरांच्या कडा कोरल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. “हे डाग पुसायला गेलो तर ही अक्षरं बी जातील,” एवढंच ते म्हणाले. डाग तसेच राहिले.

एकसष्टीला घड्याळ वेळेत पोहोचलं. पाण्यात नेऊ नये, ही सूचना डबीत लिहून ठेवली आहे. ‘वॉटरप्रूफ’ झाकणावर लिहिलेलं असलं तरी साठ वर्षांच्या केसला ते लागू नाही. नव्या रबर रिंगने आपल्याकडची धूळ आणि पावसाळी दमट हवा थोडी अडते, इतकंच.

वेगळं काय करता आलं असतं

टोकनचा विषय वर झाला. झाकणाच्या आतला क्रमांक आणि मशीनचा आकडा हे दोन फोटो पहिल्या संदेशातच मागायला हवे होते. त्या दोन फोटोंनी पहिलं प्रकरण दहा मिनिटांत संपलं असतं, आणि ते द्यायला विकणाऱ्याला अडचण असेल तर तिथेच थांबायचं. ‘उघडायला अवजार नाही’ हे कारण खरं असू शकतं. तेव्हा उघडण्याचा खर्च आपण देऊ करायचा.

पुण्यातली तपासणी चांगली झाली, तरी झाकण बाजूला ठेवलं गेलं आणि त्याची आतली बाजू कुणी नीट पाहिली नाही. मुलाने तिथला क्रमांक वाचला, त्याच्याभोवतीच्या रेघा वाचल्या नाहीत. घड्याळ कानाशी धरून हलकेच हलवलं असतं तरी रोटरचा खरखर आवाज आला असता. ते २,२०० रुपये सौद्यातून वजा होण्यासारखे होते.

जन्मसालाचा आग्रह आधी थोडा सैल ठेवायला हवा होता असं आम्हाला वाटतं. अनुक्रमांकावरून साल अंदाजानेच निघतं. ‘१९६५ च हवं’ या अटीमुळे जाहिरातीतला तो आकडा पाहून घाई झाली. १९६४ ते १९६६ असा पल्ला धरला असता तर शोधात दुप्पट-तिप्पट घड्याळं आली असती.

मूळ चावी अजून मिळालेली नाही, साडेतीन-चार हजारांच्या आसपास ती मिळेल असा चाचांचा अंदाज आहे. काच बदलायची घाई नाही. दुसऱ्या सौद्याची चॅट, झाकणाच्या आतला फोटो, टायमिंग मशीनचे आधीचे आणि नंतरचे आकडे आणि सर्व्हिसची पावती एका पाकिटात घालून घड्याळाच्या डबीसोबत ठेवली आहे. पाकिटावर मुलाने लिहिलं आहे: ‘सीमास्टर, मशीन ५६२, डायल मूळ, चावी आणि काच बदललेली.’